लॉगिन होत नाही? पासवर्ड बदलायच्या आधी या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागलेले असतात आणि नेमका तेव्हाच सकाळी फोन वाजतो, "भैय्या, लॉगिनच होईना गेलंय. पासवर्ड तर तोच टाकलाय."

लातुरातल्या आडत दुकानांना हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर बसवून देणं हा माझा धंदा. एका कॉम्प्युटरवर सर्व्हर, बाकीचे दोन-तीन वायफायवरून त्यालाच जोडलेले. ते ब्राउझरमध्ये उघडतं, पण इंटरनेट लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अडलं की लगेच पासवर्ड बदलणं. मूळ बिघाड तसाच राहतो, वर नवा पासवर्ड कुणाला सांगायचा राहतो. आधी स्क्रीनवर काय आलंय ते वाचा. 'पासवर्ड चुकीचा' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच पासवर्डकडे वळा. तेव्हाही कीबोर्ड बघा. शेतकऱ्याचं नाव टाकताना तो मराठीवर गेलेला असतो आणि पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात. तीच अक्षरं युजरनेमच्या चौकटीत टाईप करून पाहिली की लगेच कळतं.

खरा छळ वेगळाच. बटण दाबलं, काहीच चूक दाखवली नाही आणि पुन्हा लॉगिनचंच पान समोर. इथे पासवर्ड बरोबर असतो, घोळ कुकीचा असतो, म्हणजे लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला जो ओळखीचा पास देतो त्याचा. एका दुकानात सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन') टाकून सगळं व्यवस्थित चालत होतं, काउंटरवर वायफायच्या १९२.१६८ वाल्या पत्त्यावर मात्र नाही. दोन तास मी डेटाबेस उकरत बसलो. चूक माझीच होती: कुकीला 'सिक्युअर' लावून ठेवलं होतं. अशी कुकी एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे कुलूपबंद जोडणीशिवाय, चालत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स लोकलहोस्टला तेवढी सूट देतात, वायफायच्या पत्त्याला देत नाहीत. सर्व्हरने 'या' म्हटलं, ब्राउझरने पास गुपचूप फेकून दिला, पुढच्या पानावर सर्व्हर पुन्हा विचारतो, तुम्ही कोण?

हे बघायला एफ-१२ दाबा, नेटवर्कमध्ये जा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा, नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते. मग लॉगिन करून त्या रिक्वेस्टवर क्लिक करा. सेट-कुकीच्या (सर्व्हरने पास दिल्याच्या) ओळीशी पिवळा त्रिकोण दिसला की चोर सापडला. उपाय दोन: स्थानिक सर्टिफिकेट बसवून एचटीटीपीएस चालू करा, नाहीतर 'सिक्युअर' काढा. वायफायचा पासवर्ड गिऱ्हाईकांसाठी भिंतीवर चिकटवला असेल, तर दुसरा उपाय विसरा, पास उघड्यावर पडतो.

लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ (त्याचाच आकडी पत्ता) एकच मशीन, पण ब्राउझरच्या लेखी दोन वेगळी घरं. एकीकडे केलेलं लॉगिन दुसरीकडे चालत नाही. उलट पोर्ट, म्हणजे पत्त्यामागचा आकडा, वेगळा असला तरी कुकी वेगळी होत नाही. ८००० वर हिशेब आणि ८०८० वर खत-बियाण्याचा साठा, दोन्ही जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये केलेले, दोघांच्याही कुकीचं नाव 'सेशनआयडी'. एकात शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. सेटिंगमध्ये एकाच्या कुकीचं नाव बदला, भांडण मिटतं.

स्क्रीनवर ४०३ किंवा लाराव्हेलचा (तेही जँगोसारखंच फ्रेमवर्क) ४१९ हा एरर आला तर बहुतेक वेळा पान रात्रीपासून उघडं पडलेलं असतं. रिफ्रेश करा.

आता लाईट. सर्व्हर धाडकन बंद पडतो आणि परत आल्यावर मायएसक्यूएल, म्हणजे हिशेब साठवणारा डेटाबेस, उठलेलंच नसतं. तेव्हा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. १०४५ क्रमांकाचा एरर आला तर डेटाबेस चालू आहे, पण सॉफ्टवेअरकडचा त्याचा युजर किंवा पासवर्ड जुळत नाही. मुनीमकाकांच्या पासवर्डशी याचा संबंध नाही, त्यांना छळू नका. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपला असेल तर घड्याळही मागे जातं, आणि इंटरनेट नसल्याने ते आपोआप सुधरत नाही. मालकाच्या लॉगिनला मोबाईलच्या ॲपमधला सहा आकडी कोड लागतो; तो घड्याळावर चालतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो, घड्याळ पाच मिनिटं हुकलं तरी तो चालत नाही.

लाईट आल्यावर राउटरही कधीकधी सर्व्हरला नवाच पत्ता देतो. ब्राउझर पासवर्ड पत्त्यागणिक साठवतो, म्हणून नव्या पत्त्यावर चौकट कोरी दिसते. वर्षभर हाताने पासवर्ड न टाकलेले काका तेव्हा माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी स्वतः ते तिसऱ्या फोननंतर केलं.