चंब्याला जाताय? या चुका टाळा

चंबा नावाची दोन गावं आहेत आणि पहिला घोळ तिथेच होतो. मोबाईलच्या नकाशात नुसतं ‘चंबा’ टाकलं की कधीकधी उत्तराखंडातलं, टिहरीजवळचं चंबा समोर येतं. हजार वर्षांची देवळं आहेत ती हिमाचल प्रदेशातल्या, रावीकाठच्या चंब्यात. हॉटेलचे पैसे भरण्याआधी राज्याचं नाव वाचा.

चामुंडेचंही तसंच. चंबा गावाच्या वरच्या अंगाला चामुंडा देवीचं देऊळ आहे, आणि कांगडा जिल्ह्यात धर्मशाला शहराच्या बाजूला दुसरी, जास्त प्रसिद्ध चामुंडा देवी आहे. आम्ही पठाणकोटला टॅक्सी ठरवताना ‘चामुंडा देवीही दाखवा’ एवढंच म्हणालो, तर ड्रायव्हरने कांगड्याचा फेरा धरून भाडं सांगितलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. ‘चंबा शहरातली चामुंडा’ असं स्पष्ट सांगा.

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने येणार असाल तर उतरायचं पठाणकोट कॅन्टला, म्हणजे जुन्या चक्की बँकला. पठाणकोट जंक्शन हे वेगळं स्टेशन. बसस्थानक गावात आहे, कॅन्टहून रिक्षा करावी लागते. पुढे चंब्यापर्यंत साधारण १२० किलोमीटर. आकडा बघून ‘अडीच तासांत पोचू’ असा हिशेब करू नका, हा सगळा घाट आहे, चार-पाच तास धरा. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्याआधी पोटभर खाऊ नये आणि पुढच्या सीटवर बसावं.

सगळ्यात मोठी चूक

मुक्काम डलहौसीला, सकाळी खज्जियार, आणि परतताना जमलं तर चंब्यात दोन तास. बहुतेक पॅकेजं अशीच असतात. मग होतं काय, लोक ऐन दुपारी लक्ष्मीनारायण मंदिरात पोचतात, तेव्हा गाभारा बंद असतो. दारावरूनच हात जोडून, फोटो काढून परत. मला याचं खरोखर वाईट वाटतं. निदान दोन रात्री चंब्यात राहा आणि या आवारात एकदा सकाळी, एकदा संध्याकाळच्या आरतीला जा.

इथे एका ओळीत सहा दगडी देवळं आहेत, काही विष्णूची, काही शिवाची. त्यातल्या एकाचं नाव त्र्यंबकेश्वर. आपल्या नाशिककडचं नाव इतक्या लांब, रावीच्या खोऱ्यात वाचताना मी क्षणभर थांबलोच. मुख्य मंदिर दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने उभारलं. आपली राजधानी भरमौरहून इथे आणणारा तोच, आणि गावाचं नाव त्याच्या मुलीवरून, चंपावतीवरून, पडलं असं सांगतात.

गाभाऱ्यातून बाहेर आलात की मान वर करा. दगडी शिखरावर लाकडाची छत्री बसवलेली दिसेल, गाडीच्या मोठ्या चाकासारखी गोल. बर्फ शिखरावर साचू नये म्हणून केलेली ही सोय. मैदानी शैलीचं देऊळ डोंगरात आल्यावर त्याला टोपी घालावी लागली. कळसांचीही एक गोष्ट आहे. १६७८ मध्ये औरंगजेबाने देवळं पाडायचा हुकूम पाठवला, तेव्हा राजा छत्रसिंहाने ती पाडली तर नाहीतच, उलट शिखरांवर सोन्याचा मुलामा दिलेले कळस चढवले. तिकडे दक्षिणेत शिवाजी महाराजांची कर्नाटक मोहीम झाली तो हाच काळ.

सुई मातेचं ठिकाणही यादीत ‘वेळ उरला तर’ म्हणून ठेवू नका. गावात पाणी येईना तेव्हा राणीने स्वतःला जिवंत गाडून घेतलं आणि पाणी वाहू लागलं, अशी तिची कथा. चैत्रात तिची जत्रा भरते, ती बायकामुलांची.

भरमौर: पुढे जा, पण घाईने नको

चंब्याहून साठेक किलोमीटरवर भरमौर, म्हणजे जुनं ब्रह्मपूर. चौरासी मंदिराच्या आवारात शिरल्यावर उंच दगडी मणिमहेश मंदिर लगेच नजरेत भरतं आणि सगळे तिकडेच जातात. बाजूचं लक्षणा देवीचं देऊळ मात्र सुटतं, कारण बाहेरून ते उतरत्या छपराच्या साध्या पहाडी घरासारखं दिसतं. त्याच्या दारासमोर पाच मिनिटं उभे राहा. चौकटीच्या लाकडावर एकाआड एक कोरलेल्या पट्ट्या आहेत, हवेने झिजलेल्या, तरी आकृती ओळखू येतात. आतली धातूची देवी राजा मेरुवर्मनच्या काळातली, साधारण सातव्या शतकातली. मूर्तीवरच्या लेखात ती घडवणाऱ्या गुग्गा नावाच्या कारागिराचं नाव आहे. त्या काळच्या कारागिराचं नाव कळणं किती दुर्मीळ!

मणिमहेश यात्रा भरमौरच्या देवळाची नव्हे, वर डोंगरातल्या मणिमहेश तळ्याची; ती जन्माष्टमी ते राधाष्टमी. भरमौरच्या पुढच्या हडसर गावापासून तेरा किलोमीटर चढ, तळं ४,००० मीटरहून उंच. चंब्याची उंची जेमतेम हजार मीटर. एका दमात चढलात तर डोकं दुखणं, मळमळणं ठरलेलं. एक रात्र भरमौरला, एक वाटेत धनछोला काढा. डोकेदुखी गोळीने थांबत नसेल, तोल जाऊ लागला, तर दर्शन राहू द्या आणि त्याच वेळी खाली उतरा.

यात्रा ऐन पावसाळ्यात येते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने रस्ते तुटले आणि हजारो यात्रेकरू अडकले होते. म्हणून परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे ठेवा, रोख पैसे आणि नेहमीची औषधं जवळ असू द्या. रस्ता बंद असेल तर हॉटेलवाल्याला नव्हे, बसस्थानकावर विचारा. गाड्या कुठपर्यंत जाताहेत हे तिथे नक्की कळतं. फक्त देवळंच बघायची असतील तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा.

सोमवारी चंब्याचं भूरी सिंह संग्रहालय बंद असतं. १९०८ पासूनचं हे संग्रहालय बघितल्याशिवाय बाजारात भरतकामाचा चंबा रुमाल घेऊ नका. तिथले जुने रुमाल आधी नजरेत साठवा, मग दुकानात रुमाल उलटून बघा. खऱ्या दोरुखा टाक्यात दोन्ही बाजूंनी चित्र सारखंच दिसतं. मागे गाठी नि लोंबते दोरे दिसले, तर तो रुमाल खाली ठेवा.