गाडी विकताय? आधी नंबर प्लेटकडे बघा

सोलापुरात जुनी गाडी विकायची म्हटलं की लोक आधी धुऊन-पुसून पॉलिश मारतात. त्याआधी प्लेट बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल आणि अजून हाय सिक्युरिटी प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवली नसेल तर आरटीओत नाव ट्रान्सफरचं काम अडतं. फॅन्सी अक्षरांची, दादा-भाऊ दिसणारी प्लेट तर काढाच. बुकिंगला आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर लागतात, दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी. कार असेल तर पुढच्या काचेवरचं स्टिकरही लावून घ्या.

महाराष्ट्रातच विकली तर एमएच १३ गाडीबरोबर जातो. घेणारा पुण्याचा असो की अकलूजचा, नंबर तोच राहतो. विजयपूर किंवा कलबुर्गीचा गिऱ्हाईक असेल तर मात्र काम वाढतं. फॉर्म २८ भरून एनओसी काढायची, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. तिकडे टॅक्स भरून केएचा नवा नंबर घेणं हे घेणाऱ्याचं काम. पण एनओसी हातात येईपर्यंत गाडी सोडू नका.

नंतर कर्ज. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेऊन तो उतरवा. हप्ते फिटले म्हणून बोजा आपोआप जात नाही. ई-चलन थकलं असेल तर भरून टाका. पीयूसी आणि विमा चालू हवा. विम्यातला नो क्लेम बोनस तुमचा असतो, तो गाडीबरोबर देऊन बसू नका. फास्टॅग बंद करा, नाहीतर वरवडे टोलनाका दुसरा ओलांडेल आणि पैसे तुमचे कटतील.

खरी गोम फॉर्म २९ आणि ३० मध्ये आहे. २९ म्हणजे विकल्याची खबर, ती विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची. ३० वर दोघांच्या सह्या. ‘सह्या करून ठेवा, बघतो नंतर’ म्हणणाऱ्या एजंटाला कोरे फॉर्म देऊ नका. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी मधे चार हातांतून गेली तरीसुद्धा. शोरूमवाल्याला देत असाल तर त्याचं अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र बघा आणि फॉर्म २९ सी, म्हणजे गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची खबर, भरून घ्या.

चावी देताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी पावती दोघांच्या सहीने करा, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स जोडा, पुढच्या-मागच्या प्लेटचा फोटो काढा. मग महिन्याभराने परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. मालकाच्या जागी अजून तुमचंच नाव असेल तर घेणाऱ्याला फोन लावा, आणि त्याने टोलवाटोलवी केली तर पावती घेऊन थेट आरटीओत जा.