अभिरूप विधानसभा भरवताय? मग या चुका टाळा

नववीतली अध्यक्ष झालेली मुलगी म्हणाली, "माननीय शिक्षणमंत्री उत्तर देतील." मंत्री उठला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि दोन मिनिटं घडाघडा बोलला. बोलला चांगलं. पण प्रश्न होता शाळांतल्या शौचालयांचा आणि त्याचं पाठांतर होतं माध्यान्ह आहाराचं. सकाळी प्रश्नांचा क्रम बदलला होता आणि त्याला सांगायचं आम्हीच विसरलो होतो. सभागृहात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. विरोधी बाकावरून पुढचा उपप्रश्न आला तोही पाठ केलेला, शौचालयांवरचाच. टाळ्या पडल्या.

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांत गेली काही वर्षं मी मुलांची अभिरूप, म्हणजे लुटुपुटीची, विधानसभा बसवतो, कधी परीक्षक म्हणूनही जातो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत. सगळ्यांचं मूळ एकच. आपण हिला वक्तृत्व स्पर्धा समजतो, नाहीतर गॅदरिंगमधलं नाटुकलं. मुलं बोलायला शिकून येतात, ऐकायला कुणी शिकवतच नाही.

हुशार तेवढे मंत्री

पन्नास मुलांच्या सभागृहात बावीस मंत्री मी पाहिले आहेत. वर्गातली बोलकी मुलं मंत्री, उरलेली विरोधक, आणि अगदीच गप्प बसणारी मार्शल, म्हणजे सभागृहाचे रखवालदार. पालकांनाही मुलगा मंत्री झालेला हवा असतो, त्याला काय करणार!

राज्यघटनेत २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने यावर मर्यादा घातली आहे. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. कर्नाटकात २२४ आमदार, त्याचे १५ टक्के ३३.६ होतात, म्हणून मंत्रिमंडळ जास्तीत जास्त ३४ जणांचं धरतात. (राज्य लहान असलं तरी बारा मंत्री चालतात, ती सवलत तुमच्या शाळेला नको.) पन्नास मुलांत सात मंत्री पुरे. तुमच्याकडची सगळ्यात चौकस मुलं विरोधी बाकांवर बसवा. प्रश्नोत्तरांचा तास रंगतो तो विचारणाऱ्यामुळे. उत्तर देणाऱ्याला शेवटी खात्याची माहिती वाचायचीच असते.

प्रश्न की भाषण?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मुलांनी लिहून आणलेला प्रश्न साधारण असा असतो: "खानापूर तालुक्यात गव्यांनी थैमान घातले असून बळीराजा हवालदिल झाला आहे, सरकार झोपले आहे काय?" याला उत्तर एकच, नाही, झोपलेलं नाही. संपला प्रश्न.

विधिमंडळाचा तारांकित प्रश्न कसा छापलेला असतो ते मुलांना दाखवा. महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीतच असतात, त्यांचा साचा उचलायला हरकत नाही. "गव्यांच्या उपद्रवामुळे जांबोटी परिसरातील भातपिकाचे नुकसान झाले, हे खरे आहे काय, असल्यास, नुकसानभरपाईसाठी गेल्या तीन वर्षांत किती अर्ज आले व किती मंजूर झाले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" रुक्ष वाटेल, पण या तीन तुकड्यांत मंत्री अडकतो. मंत्र्यालाही त्याच भाषेतली पळवाट शिकवा: "हे अंशतः खरे आहे." आणि "प्रश्न उद्भवत नाही." ही दोन वाक्यं मुलांना एवढी आवडतात की पुढे आठवडाभर गृहपाठाच्या चौकशीलाही तीच उत्तरं येतात.

तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचा, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी, त्यावर उपप्रश्न नाही. आता खरी गोम. उपप्रश्न पाठ करून आणू देऊ नका. मूळ प्रश्न आणि उत्तर आधी ठरवा, उपप्रश्न मात्र मंत्र्याचं उत्तर ऐकून जागेवर सुचला पाहिजे. सरावात मी एक युक्ती करतो. मंत्र्याला उत्तरात मुद्दाम एक आकडा चुकीचा सांगायला लावतो आणि तो कोण पकडतं ते बघतो. पहिल्या दिवशी कुणीच पकडत नाही. चौथ्या दिवशी, कधीही हात वर न करणारी मागच्या बाकावरची एखादी मुलगी उभी राहते: "अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी आधी बेचाळीस अर्ज म्हटलं, आता मंजूर पंचेचाळीस म्हणतात, ते कसं?" तिला विरोधी पक्षनेता करा, दुसरं काही बघू नका.

विषय कुणाच्या अखत्यारीतला?

मुलांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांना हमखास विचारला जाणारा प्रश्न: "बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वे कधी धावणार?" रेल्वे केंद्र सूचीत आहे, म्हणजे विषय केंद्राचा. मुख्यमंत्री झालेला मुलगा मग आश्वासन देऊन मोकळा होतो आणि जाणकार परीक्षक कपाळाला हात लावतो. प्रश्न टाकून द्यायची गरज नाही, फिरवून विचारा: या मार्गासाठीच्या भूसंपादनाचं काम कुठपर्यंत आलं? जमिनीचं काम राज्याच्या यंत्रणेकडे असतं, आता महसूलमंत्र्याला उत्तर द्यावंच लागेल. किंवा केंद्राला विनंती करणारा ठराव आणा, तोही नियमात बसतो.

घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या तीन सूच्या (केंद्र, राज्य आणि दोघांची मिळून समवर्ती) फळ्यावर लिहून मुलांना त्यांच्या गावातले विषय त्यांत टाकायला सांगा. शेती, पोलीस, ग्रामपंचायत राज्याकडे. शिक्षण १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, वनं आणि वन्य प्राणीही त्याच दुरुस्तीने. म्हणजे गव्याचा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो! अर्ध्या तासाचा हा खेळ दहावीच्या समाजविज्ञानालाही उपयोगी पडतो.

गोंधळ म्हणजे विधानसभा नव्हे

बेळगावात हलग्याजवळ कर्नाटक विधिमंडळाची इमारत आहे, त्या सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ ला झालं. तिथे हिवाळी अधिवेशन भरलं की आपल्या भागातल्या शाळा मुलांना गॅलरीत नेतात. चांगलंच आहे. पण मुलं परत येतात ती वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरणं आणि कागद भिरकावणं शिकून, उरलेलं टीव्हीने शिकवलेलं असतं. मग आपल्या सभागृहातही दहाव्या मिनिटाला घोषणा सुरू होतात आणि अध्यक्ष झालेलं पोर "शांत राहा, शांत राहा" ओरडून घसा बसवून घेतं.

यावरचा उपाय नियमातच आहे. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्या सदस्याने बोलणं थांबवून खाली बसायचं असतं. एवढंच. आमच्या एका सरावात मी अध्यक्ष मुलीला सांगितलं, आज ओरडायचं नाही, फक्त उभं राहायचं. ती उभी राहिली. ओरडणाऱ्यांपैकी चारजण बसले, मग आठ. एक मुलगा एकटाच हात उंचावून घोषणा देत राहिला, इकडेतिकडे बघितलं, आणि ओशाळून शर्ट नीट करत बसला. मुलीने सावकाश खुर्ची मागे ओढली आणि बसता बसता म्हणाली, "माननीय सदस्य आता बोलू शकतात." लाकडी हातोडा सिनेमात शोभतो, इथे नको.

बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. "तुम्ही काय केलंत?" असं समोरच्याला थेट विचारायचं नाही. "मंत्री खोटं बोलताहेत" हे असंसदीय. "मंत्रिमहोदयांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही" म्हटलं की तोच घाव बसतो आणि कामकाजातून काही काढावं लागत नाही. सभात्याग हवाच असेल तर एकदा, आधी कारण सांगून. आणि परत कधी यायचं तेही ठरवा. एका शाळेचे विरोधक बाहेर गेले ते थेट पाणी प्यायला, विधेयकावर मतदान त्यांच्यावाचूनच झालं.

सरकार पाडायची घाई

प्रत्येक शाळेला अविश्वास ठराव हवा असतो आणि प्रत्येक शाळेत सरकार पडतं. अविश्वास ठराव विरोधक आणतात, विश्वासदर्शक ठराव सरकार स्वतः मांडतं, हा फरक शिक्षकांनाही चाचपडायला लावतो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने गेलं, २६९ विरुद्ध २७०, तो विश्वासदर्शक होता. २३ जुलै २०१९ ला कर्नाटकातलं कुमारस्वामी सरकार ९९ विरुद्ध १०५ ने पडलं, तोही विश्वासदर्शकच. लोकसभेत अविश्वास ठरावाने सरकार कधी पडलेलं नाही. तासाभराच्या सत्रात यावर वीस मिनिटं घालवू नका.

मतदानात अध्यक्ष हात वर करत नाहीत. समसमान मतं पडली तरच निर्णायक मत देतात. हे अध्यक्षाच्या टेबलावर चिठ्ठी लावून ठेवा, पोरं आपल्या पक्षाच्या मोहात विसरतात. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, विधानसभेत दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एकदशांश, यातलं जे जास्त ते. विधेयक तीन कलमांचं पुरे, एक दुरुस्ती सुचवू द्या, कलमवार मतं घ्या. आवाजी मतदानाने मंजूर झालं की "कायदा झाला" म्हणून उड्या मारू नका. पुढे विधान परिषद आहे, राज्यपालांची संमती आहे.

आणि कृपया सभागृह एकच ठरवा. विधानसभेत अध्यक्ष, विधान परिषदेत सभापती. कन्नडमध्येही तोच भेद आहे, सभाध्यक्ष आणि सभापती. इंग्रजी शाळांतल्या अभिरूप संयुक्त राष्ट्रांच्या स्पर्धेत जाऊन आलेली मुलं इकडेही नकाराधिकार वापरू बघतात. तो तिथेही फक्त सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांना आहे, १९३ देशांच्या आमसभेत नाही.

भाषेचं काय करायचं

हा आपल्या भागाचा खास प्रश्न. तालुका पातळीच्या स्पर्धेत कन्नड माध्यमाच्या शाळा असतात, सूचना कन्नडमध्ये येतात, आणि आपण घाबरून दोन मुलांना कन्नड परिच्छेद पाठ करायला लावतो. उच्चार अडखळतात, मुलाचा चेहरा पडतो. घटनेचं कलम २१० मुलांना वाचून दाखवा. राज्याच्या विधिमंडळात कामकाज राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत. पण यातल्या कुठल्याच भाषेत नीट बोलता येत नसलेल्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. मग सत्राच्या सुरुवातीलाच एखाद्या सदस्याने उठून ती परवानगी मागावी आणि अध्यक्षांनी द्यावी. अर्ध्या मिनिटाचं काम, पण परीक्षक सावरून बसतात. ज्याला कन्नड सहज येतं त्याने खुशाल कन्नडमध्ये उपप्रश्न विचारावा, मंत्र्याने मराठीत उत्तर द्यावं. बेळगावच्या वडगाव-शहापुरात दुकानांत रोज हेच चालतं.

मुलांची बोली मात्र पुसू नका. आमच्याकडे "खरं" म्हणजे "पण". एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, विरोधी पक्षनेता मंत्र्यांशी दर वाक्याला सहमत होतोय.

सीमाप्रश्न निघणारच. घरात जे ऐकलं ते मुलं आणतात, त्यात त्यांचा दोष नाही. गप्प करू नका, नियम सांगा: महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि न्यायप्रविष्ट बाबींवर सभागृहात चर्चा करत नाहीत. त्याऐवजी विचारता येण्यासारखं पुष्कळ आहे. कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल आहे, ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल, दोन्ही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आली. आपल्या शाळेत मराठी शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या आहेत, हा प्रश्न घोषणेपेक्षा मंत्र्याला जड जातो. एक सक्त नियम मात्र पाळा: सत्राचे मोबाइलवर तुकडे काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत. वीस सेकंदांच्या क्लिपवरून पंधरा वर्षांच्या मुलाच्या दारात लोक जमायला नकोत.

मांडणी आणि माईक

सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला, विरोधक डाव्या. अध्यक्षांच्या, प्रेक्षकांच्या नव्हे. निम्म्या शाळा इथे चुकतात. बाकं घोड्याच्या नालेसारखी मांडा, नाहीतर सदस्यांच्या पाठीच दिसतात. एक माईक हातोहात फिरवण्यात प्रत्येक वेळी दहा सेकंद जातात, दोन्ही बाजूंना एकेक स्टँड लावा. वीज जाणार हे धरूनच एकदा माईकशिवाय सराव करा.

शून्य प्रहर, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), स्थगन प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा, सगळं एकाच सत्रात कोंबू नका. शपथ, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरं, एक लक्षवेधी, एक विधेयक. तास भरतो.

आणि निकालाची भाषणं लांबवू नका. जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांची गाडी ठरलेल्या वेळेला सुटते, ती चुकली की पुढची कधी मिळेल याचा भरवसा नाही. शेवटचा परीक्षक "थोडक्यात सांगतो" म्हणाला की मी दारातल्या मुलांना खूण करतो. निकाल दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावतो.