मैत्री स्थानकाची कोठी: इंदूरहून निघणाऱ्या आचाऱ्यासाठी

अंटार्क्टिकावर वर्षभर आचारी म्हणून जाण्याची तयारी करणारा मुलगा माझ्याकडे आला, की मी त्याला आधी त्याच्या आजीच्या उन्हाळ्याविषयी विचारतो. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या ज्या घरी चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापड वाळत असत, गहू-डाळींना उन्हे दाखवून वर्षाचे धान्य भरले जाई आणि कोणता डबा आधी उघडायचा हे आजीच ठरवत असे, त्या घरातल्या मुलाला या कामाचा गाभा आधीच ठाऊक असतो. मैत्री या अंटार्क्टिकावरील भारतीय संशोधन स्थानकावर हिवाळ्यात सुमारे पंचवीस माणसे राहतात, जहाज वर्षातून एकदाच, तिकडच्या उन्हाळ्यात येते, आणि ते परतल्यावर विसरलेला हळदीचा डबासुद्धा कोठून मागवता येत नाही. म्हणून तिथला चांगला आचारी हाताच्या चवीइतकाच कोठी सांभाळण्यावरून ओळखला जातो.

भरतीचे काम गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि बर्फात वावरण्याचे प्रशिक्षण उत्तराखंडातील औली येथे दिले जाते. पुढचा प्रवास दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनमार्गे होतो. या टप्प्यांत आचाऱ्याने वेगळे काही करायचे नसते. त्याची खरी परीक्षा सामानाच्या यादीवर असते.

यादी अंदाजाने करू नये, माणशी वजनावरून करावी. एका माणसाला दिवसाला 150 ग्रॅम कणीक धरली, तर पंचवीस जणांना रोज पावणेचार किलो आणि वर्षाला सुमारे 1370 किलो लागते. जहाजाला उशीर होऊ शकतो म्हणून त्यावर पाचवा हिस्सा चढवला, की आकडा 1640 किलोंच्या आसपास जातो. आठवड्यातून एकदा पोहे करायचे आणि माणशी 80 ग्रॅम घ्यायचे, तर वर्षाला 104 किलो पोहे हवेत. असाच हिशेब डाळ, तांदूळ, तेल, साखर, चहा आणि मीठ या प्रत्येकाचा वेगळ्या पानावर मांडावा. मिठाचे पान वगळू नये. लग्नाच्या मोठ्या पंगतीतही ऐन वेळी नेमके मीठच कमी पडलेले मी पाहिले आहे, पण तिथे निदान कोपऱ्यावर दुकान असते.

थंड प्रदेशात अन्न आपोआप टिकते, ही समजूत सर्वांत आधी सोडून द्यावी. गोठू नये अशा वस्तू गोठण्यापासून वाचवणे हेच तिथे मोठे काम आहे. अंडे गोठले की कवच तडकते, कांदा गोठून वितळला की आतून मऊ आणि पाणचट होतो, आणि बटाटा चार अंशांखाली फार दिवस राहिला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊन तो गोड लागतो व तळताना काळवंडतो. म्हणून ही तिन्ही जिन्नसे गारव्याच्या पण शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या खोलीत ठेवावीत. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नयेत. इंदूरला एका पावसाळ्यात मी त्यांची पोती एकाच खोलीत शेजारी-शेजारी रचली होती आणि महिन्याभरात अर्धी रास फेकावी लागली होती. दर आठवड्याला प्रत्येक पोते उघडून सडका नग बाहेर काढावा, कारण एका कुजक्या कांद्याने सगळे पोते जाते. अंड्यांचे खोके नेमाने उलटवावेत, आणि जुने अंडे वापरण्यापूर्वी पाण्यात सोडून पाहावे. तरंगले तर ते बाजूला काढावे. उलट मांस, मटार, चिरलेल्या भाज्या आणि लोणी सदैव गोठलेलेच हवे, आणि त्यासाठी बाहेरच्या हवेवर विसंबता येत नाही, कारण मैत्री ज्या शिर्माकर ओअॅसिसच्या खडकाळ भूमीवर आहे तिथे उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तापमान शून्याच्या वरही जाते.

दोन-तीन महिन्यांनी ताजी भाजी संपते, आणि तिथून पुढे मोड आलेली कडधान्ये ही स्वयंपाकघराची बाग होते. मटकी, मूग, हरभरे आणि मेथ्या यांना सोयीप्रमाणे आलटून पालटून मोड आणावेत, म्हणजे दर दोन दिवसांनी एक ताजी परात तयार असते. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड आल्यावर तयार होते, मात्र फार वेळ शिजवले की ते नाहीसे होते. म्हणून काही मोड कच्चेच, लिंबू पिळून, ताटात वाढावेत. इंदूरच्या माणसाला हे जड जाऊ नये. आपल्याकडे उसळ-पोहे हा सकाळचा रिवाजच आहे, आणि वाफेवर ठेवलेले पोहे, वर तिखट उसळ, शेव आणि जिरावण हा भुरभुरायचा मसाला यांपैकी एकाही गोष्टीसाठी ताजा बाजार लागत नाही. शेव मात्र मोठ्या डब्यात नेऊ नये. तिथल्या कोरड्या हवेत ती कुरकुरीत राहते खरी, पण तेल खवट होतेच. लहान हवाबंद पाकिटे करून ती गोठवणीत ठेवावीत. शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्यालाही हाच नियम आहे.

विरजण ही मला सर्वांत जिवाभावाची गोष्ट वाटते. एक लिटर पाण्याला सुमारे 130 ग्रॅम दूधपूड घेऊन दूध करावे, चांगले तापवावे, बोटाला सोसेल इतके कोमट झाल्यावर विरजावे आणि भट्टीजवळच्या उबेत झाकून ठेवावे. विरजण एकाच भांड्यात राहू देऊ नये. दर पंधरवड्याला दोन चमचे दही लहान डब्यांत गोठवावे आणि सोबत कोरडे विरजण पाकिटातून न्यावे, कारण एकदा ते मेले की वर्षभर ताक, कढी आणि श्रीखंड सगळेच संपते.

हिमालयात डाळ शिजत नाही म्हणून ध्रुवावरही शिजणार नाही, अशी भीती पुष्कळांना असते. त्याचा संबंध थंडीशी नसून उंचीशी आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आहे आणि मैत्री त्याहून खूप खाली, सुमारे 120 मीटरवर. त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या आपल्या सवयीच्याच ठेवाव्यात. फरक पडतो तो कणकेत. हवा इतकी कोरडी असते की मळलेला गोळा काही मिनिटांतच वरून सालपटतो. म्हणून पाणी थोडे जास्त घालावे, तेलाचा हात लावावा आणि गोळा ओल्या फडक्याखाली ठेवावा. याच हवेमुळे माणसांच्या शरीरातले पाणी नकळत कमी होते, तेव्हा जेवणाबरोबर ताक किंवा सार रोज असावे.

फोडणी देताना माझा हात अजूनही सावध होतो. हवा कोरडी, वारा प्रचंड, आणि इमारत जळाली तर जायला दुसरे घर नाही, म्हणून ध्रुवीय स्थानकात आगीइतके दुसऱ्या कशाचे भय नसते. तेल तापत असताना चुलीपासून हलू नये, कढईवर बसेल असे झाकण हाताशी असावे, आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये.

कचऱ्याचा नियमही स्वयंपाकघरातच सुरू होतो. अंटार्क्टिक कराराला जोडलेला पर्यावरण संरक्षणाचा माद्रिद करार 1991 साली झाला आणि 1998 पासून लागू आहे; भारताने 2022 साली स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही केला. त्यामुळे वापरलेले तेल पिंपात भरून परत पाठवावे लागते, कोंबडीचे उरलेले अवशेष जाळावे किंवा परत न्यावे लागतात, भाज्यांना माती चिकटलेली चालत नाही, आणि खिडकीशी घिरट्या घालणाऱ्या स्कुआ पक्ष्यांना घासभरही देता येत नाही. पिण्याचे पाणी प्रियदर्शिनी तलावातून येते; भांडी घासताना वापरलेले पाणीही त्याच तलावाचे असते, हे पाळीने मदतीला येणाऱ्या प्रत्येक शास्त्रज्ञाला पहिल्याच दिवशी सांगावे.

मेअखेरीपासून जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. त्या काळात झोप विस्कटते, माणसे अबोल होतात आणि जेवणाची घंटा हेच दिवसाचे घड्याळ उरते. म्हणून ती एकदाही उशिरा वाजू देऊ नये, आणि न आलेल्या माणसाला कोणीतरी खोलीवर जाऊन बोलावून आणावे. चांगल्या जिनसा याच दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. 21 जून हा तिकडचा मध्यहिवाळा सर्वच स्थानकांवर साजरा होतो. त्या दिवशी मी दाल-बाफले करण्याचा सल्ला देतो: जाडसर कणीक, तुरीची डाळ आणि तूप एवढ्यावर ते होतात, उकडून मग भाजायचे असल्याने पंचवीस जणांचे एकदम निघतात, आणि केरळच्या माणसापासून काश्मीरच्या माणसापर्यंत सारे ते चुरून खातात. गोडाला पुरणपोळी असली तर पुरण आदल्या दिवशीच वाटून ठेवावे.

नवे जहाज यायच्या दोन महिने आधी संपूर्ण कोठी मोजावी आणि पुढच्या आचाऱ्यासाठी वही लिहावी: काय संपले, काय उरले, कोणत्या कंपार्टमेंटमध्ये गारठा शिरतो, कोणती डाळ शिजायला हट्टी निघाली, विरजणाचे डबे गोठवणीच्या कोणत्या कप्प्यात आहेत. वही त्याच्या हाती देताना त्याच्यासमोर एक भांडे दही लावावे आणि दुसऱ्या सकाळी ते त्यालाच उघडू द्यावे.