नंबर प्लेटचे बोल्ट: माझा अनुभव
न्यू जर्सीत पुढे-मागे दोन्हीकडे प्लेट लागते, आणि आमच्या टोयोटाचे डीलरने लावलेले मागचे बोल्ट हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पार गंजून गेले होते, प्लेटवर तांबडे ओघळ. हार्डवेअरच्या दुकानात 'लायसन्स प्लेट' लिहिलेलं पाकीट मिळतं खरं, पण त्यात बऱ्याचदा पाव इंची बोल्ट असतात, म्हणजे ६.३५ मिमी, आणि जपानी गाडीला मागे सहसा ६ मिमीचा मेट्रिक बोल्ट लागतो, १ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. पाव इंचीवाला एखादा आटा जातो नि अडतो, तिथे जोर केला की आतले आटे गेलेच समजा! मी जुना बोल्ट खिशात घालून सुट्या बोल्टांच्या खणापाशी गेलो, नटात फिरवून बघितला, तसेच १६ मिमी लांबीचे स्टेनलेसचे घेतले. खाली नायलॉनचे वॉशर टाकले, डिकी आपटताना होणारा खडखडाटपण गेला.