उन्हाळ्यात बाळ घरी येताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून बाळ-बाळंतीण घरी येण्याआधीच कूलरच्या टाकीतले पाणी बदलून, वाळ्याच्या ताट्या स्वच्छ करून घ्याव्यात आणि थेट झोत येणार नाही अशा जागी बाळाचे अंथरूण घालावे. कितीही ऊन तापले तरी पहिले ६ महिने बाळाला पाणी, मध किंवा घुटी देऊ नये, कारण आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला ६ किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर घरातल्या आजींनीही निश्चिंत राहावे. रात्री ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे ही कामे बाबांनी आवर्जून स्वतःकडे घ्यावीत, म्हणजे आईला सलग झोप मिळते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होईल, हेही पाहावे.