सर्व्हरशिवाय शेकडो पानांमध्ये शोध: या चुका टाळा

आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकांमधले लेख टाइप करून त्यांची तीनशेच्या आसपास एचटीएमएल पानं केली आणि पेनड्राइव्हवर दिली. तिथल्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. शोधाच्या चौकटीत ‘विहीर’ टाकलं की ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर यायचं. १९७२ च्या दुष्काळात गावानं विहिरी कशा खोल केल्या, यावरचा आख्खा लेख त्याच पेनड्राइव्हवर होता. वाचक असं उत्तर खरं मानतो आणि उठून जातो. शोध हळू चालला तरी एक वेळ चालेल, पण असलेली गोष्ट ‘नाही’ म्हणून सांगणं फार वाईट.

मजकूर जेसनमध्ये ठेवणं

पहिली अडचण इथेच येते. मजकुराची जेसन फाइल (माहिती साठवायचा एक साधा प्रकार) करायची आणि ती फेचनं, म्हणजे ब्राउझरला फाइल आणायला लावणाऱ्या आज्ञेनं, उचलायची, ही वेबसाइट करणाऱ्यांची नेहमीची रीत. डबल-क्लिक करून उघडलेल्या पानावर ती चालत नाही. क्रोम अशा प्रत्येक फाइलला स्वतंत्र समजतो आणि शेजारची फाइलही वाचू देत नाही. फायरफॉक्सनंही २०१९ मध्ये, ६८ व्या आवृत्तीपासून, हेच धोरण घेतलं. मॉड्यूल म्हणून, म्हणजे नव्या पद्धतीनं, जोडलेली स्क्रिप्टही याच कारणानं अडते. आपल्या मशीनवर पानं पुरवणारा लोकल सर्व्हर चालू असतो म्हणून हे ध्यानात येत नाही.

उपाय साधा आहे. तोच मजकूर एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये व्हेरिएबल म्हणून लिहा आणि जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्ट टॅगनं जोडा. त्याला आडकाठी नाही. स्फिंक्स या पानं तयार करणाऱ्या प्रोग्रामनं बनवलेल्या पानांचा शोध डबल-क्लिकवरही चालतो, कारण त्याची सूची जावास्क्रिप्ट फाइलमध्येच असते. ब्राउझरची सुरक्षा सैल करणारा स्विच लावायला मात्र वाचकाला कधीच सांगू नका.

गरज नसताना मोठं इंजिन बसवणं

तीनशे पानं, प्रत्येकी हजार शब्द धरले तरी मजकूर पाच-सहा एमबीच्या पुढे फारसा जात नाही; देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, हे धरून. एवढ्यात अक्षरांचा सरळ शोध घेतला तरी उत्तर पटकन येतं. उलट शोधाची तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) घेतली तर तिची घडण इंग्रजीची निघू शकते. लूनर या अशाच एका लायब्ररीमध्ये शब्दाच्या कडेची ‘निरुपयोगी’ चिन्हं छाटणारी पायरी आहे, आणि देवनागरी अक्षर तिच्या लेखी निरुपयोगीच असतं. भाषेची जोड न देता वापरलं तर आख्खा मराठी शब्द छाटला जातो. आपण स्वतः बॅकस्लॅश-डब्ल्यू किंवा बॅकस्लॅश-बी या कोडमधल्या शब्द ओळखायच्या खुणा वापरून शब्द तोडले तरी तेच होतं. युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) ‘अक्षर’ हा वर्ग घेतला तरी पुरत नाही. काना-मात्रा ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात, त्यामुळे ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे तुकडे पडतात. दोन्ही वर्ग घ्या.

डोळ्यांना सारखं दिसतं म्हणून सारखंच समजणं

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे. ‘वाऱ्यावर’ आणि ‘वार्‍यावर’ हे दोन शब्द बघा. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे जोडाक्षराचं रूप ठरवणारं चिन्ह. एका टायपिस्टनं एक पद्धत वापरली, दुसऱ्यानं दुसरी. युनिकोडचं प्रमाणित रूप (नॉर्मलायझेशन) काढलं तरी हे दोन एक होत नाहीत. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

आधी जॉइनरवालं रूप ‘ऱ्’मध्ये बदला, मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढा. क्रम उलटा झाला तर जॉइनरनं लिहिलेलं ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतात, म्हणजे दरी शोधणाऱ्याला समुद्र मिळतो.

‘ॲडव्होकेट’ आणि ‘अॅडव्होकेट’ यांचंही तसंच. ‘अंतःकरण’मध्ये विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलेला हमखास सापडतो. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही एकाच रूपात आणा. हे सगळं करणारं एकच फंक्शन ठेवा आणि ते मजकुरालाही लावा, शोधशब्दालाही. नुसतं मजकुराला लावलं तर पूर्वी सापडायचं तेही सापडेनासं होतं.

आता ‘विहीर’. सामान्यरूपात दीर्घाचा ऱ्हस्व होतो: विहिरीत, फुलांचा, मुलाला. म्हणून त्याच फंक्शनमध्ये ई-ऊच्या दीर्घ मात्रा ऱ्हस्व करा. ‘विहिर’ मग ‘विहिरित’च्या पोटात सापडतं. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र येतील, तेवढं मला चालतं. ‘पाणी’वरून ‘पाण्यात’ मात्र यानं सापडत नाही. त्यासाठी चौकटीखाली ‘शब्दाचा सुरुवातीचा भागच टाका, उदा. पाण’ अशी ओळ लिहिली, आणि लोक ती वापरतात. ‘पूर्ण शब्दच जुळवा’ हा पर्याय मराठीत ठेवूच नका.

दाखवताना मूळ मजकूरच दाखवा. मी परिच्छेदागणिक दोन प्रती ठेवते, एक शोधायला, एक दाखवायला. अक्षरांची जागा मोजत बसावं लागत नाही.

मूळ फाइलच न तपासणं

श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आत इंग्रजी कीबोर्डची चिन्हं असतात. तो आधी युनिकोडमध्ये बदला. काही प्रोग्राम एचटीएमएल जतन करताना ‘व’ऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे २३५७, लिहितात. मग नोटपॅड प्लस प्लसच्या ‘फाइंड इन फाइल्स’मध्ये काहीच येत नाही, आणि ब्राउझरमध्ये पान मात्र ठीक दिसतं. स्कॅन केलेल्या चित्रातलं अक्षर तर शोधाला दिसतच नाही.

झिपमधूनच उघडणं

विंडोजवर झिप न सोडवता आतलं पहिलं पान उघडलं तर तेवढीच फाइल बाहेर येते आणि शोधाची स्क्रिप्ट मागे राहते. अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधून पान उघडलं तरी शेजारच्या फाइली बहुधा मिळत नाहीत. मोबाइलसाठी मजकूर, स्क्रिप्ट आणि शोध एकाच एचटीएमएल फाइलमध्ये घाला.

पेनड्राइव्ह देण्याआधी मी तिथल्याच कॉम्प्युटरवर, सर्व्हर न लावता, हे शब्द टाकते: विहीर, वाऱ्यावर (दोन्ही प्रकारे), ॲडव्होकेट, अंतःकरण, १९७२. प्रत्येकाचं पान मला आधीपासून माहीत असतं. एकही चुकलं तर पेनड्राइव्ह परत घरी येतो.